स्वभाव की आजार?

प्रश्न : माझे यजमान व्यसनमुक्ती केंद्रातून घरी येऊन दोन महिने झाले. दारू सुटली आहे. मात्र ते रात्रभर जागतात, भाजीत मीठ कमी पडले तरी ताट भिरकावतात आणि माझी लोकल चुकली की संशय घेतात. सासूबाई म्हणतात, हा त्यांचा मूळ स्वभावच आहे. मग उपचारांचा काय उपयोग?
– एक वाचक, भांडुप

उत्तर : ताई, उतावळेपणा आणि चटकन अस्वस्थ होण्याची वृत्ती व्यसनाधीन व्यक्तींमध्ये तुलनेने अधिक आढळते हे खरे, पण ‘व्यसनी स्वभाव’ असा एकच साचा मानसशास्त्राला सापडलेला नाही. दारू सोडल्यानंतर काही आठवडे झोप आणि मनःस्थिती बिघडलेलीच असते, म्हणून नैराश्य किंवा चिंताविकार स्वतंत्रपणे आहे का, हे डॉक्टर साधारणतः महिनाभर थांबून ठरवतात. तुमच्याकडे तो काळ उलटला आहे. संशय तर मुळीच अंगावर काढू नये. दीर्घकाळ दारू पिणाऱ्यांमध्ये जोडीदाराविषयीचा संशय भ्रमाच्या थराला जाऊ शकतो आणि त्यावर औषधे आहेत.

परळच्या केईएम रुग्णालयातील मनोविकार विभागात दोघांनी जावे. हा चिडखोरपणा दारू सुरू होण्याआधीही होता का, हे सासूबाईंना विचारून लिहून न्यावे (त्यांची साक्ष इथे खरोखरच कामाची आहे), कारण निदान बरेचसे त्या क्रमावर अवलंबून असते. यजमान येण्यास तयार नसतील, तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीच्या १४४१६ या क्रमांकावर तुम्ही एकट्याही बोलू शकता. हात उगारला गेला, तर मात्र उपचारांची वाट न पाहता आधी सुरक्षित ठिकाणी जावे.