आठ घटना, चार काउंटर

प्रश्न : लिनक्सवर ‘पर्फ’ या कामगिरी मोजणाऱ्या साधनाने प्रोसेसरमधल्या आठ घटना (पार पडलेल्या सूचना, कॅश-चुका वगैरे) एकदम मोजल्या की प्रत्येक ओळीअखेर सुमारे पन्नास टक्के दिसतात. आकडे खोटे समजावेत का? – एक वाचक, भुसावळ

उत्तर : खोटे नव्हेत, अंदाजी आहेत. आपल्या प्रोसेसरमध्ये घटना मोजणारे चारच काउंटर मोकळे असावेत. त्यामुळे कर्नल (लिनक्सचा गाभा) घटनांना त्यांवर पाळीपाळीने बसवते आणि प्रत्यक्ष मोजणी निम्माच वेळ (तेच ते पन्नास टक्के) झाल्याने आलेली संख्या दुपटीने वाढवून दाखवते. सावद्यात केळीचे ट्रक अर्धाच दिवस मोजून दुप्पट सांगावेत, तसेच हे. गर्दी नेमकी दुसऱ्या अर्ध्यात झाली, तर हिशेब फसतो. अल्पकाळ चालणाऱ्या प्रोग्रामबाबत हा धोका अधिक असतो. म्हणून चार-चार घटनांच्या दोन फेऱ्या घ्याव्यात, आणि ज्यांचे गुणोत्तर काढायचे आहे त्या महिरपी कंसात एकत्र लिहाव्यात, म्हणजे त्या एकाच वेळी मोजल्या जातात. प्रोसेसर अडकून पडल्यास ते ओळखणारा कर्नलचा ‘एनएमआय वॉचडॉग’ही अनेकदा एक काउंटर अडवून बसतो (हे सहसा कोणी पाहत नाही), मोजणीपुरता तो बंद ठेवावा.