अकरावीला बायोलॉजी घेतलंस ना, मग हे ऐक

दहावीपर्यंत पाठांतरावर निभावलं असेल, हायर सेकंडरीत नाही निभावणार. एनसीईआरटीचं पुस्तक ओळन्‌ओळ वाच, आकृत्यांखालचा मजकूरसुद्धा. नीट या वैद्यकीय प्रवेशपरीक्षेच्या 720 गुणांपैकी 360 बायोलॉजीचे असतात. गाइडं नंतर बघ.

मला मिऑसिसने, म्हणजे बीजपेशी बनवणाऱ्या पेशीविभाजनाने, फार छळलं. शेवटी रंगीत लोकरीचे तुकडे जमिनीवर मांडले. पहिल्या विभाजनात जोडीतली दोन गुणसूत्रं वेगळी होतात, दुसऱ्यात एकेका गुणसूत्राची दोन अर्धुकं. म्हणजे माणसाच्या 46 गुणसूत्रांची 23 पहिल्याच फेरीत होतात! हे हाताने मांडलं तेव्हाच डोक्यात बसलं. तूही लोकर आण.

आणि एका रविवारी ओहोटीची वेळ बघून गोव्यातल्या रायबंदरहून फेरीबोटीने चोडण बेटावर जा. चिखलातून वर आलेली तिवर या खारफुटीच्या झाडाची श्वसनमुळं, त्याच्या पानांवर साचलेलं मीठ, कांदळाच्या झाडावरच रुजून लोंबणारी रोपं, सगळं जवळून बघ. वनस्पतिशास्त्र कंटाळवाणं म्हणणाऱ्यांचं मला खरंच वाईट वाटतं, आपल्या दारात एवढं असताना!

प्रॅक्टिकलचं जर्नल मात्र त्याच आठवड्यात पूर्ण करायचं. आकृती पेन्सिलीने, समोरच्या स्लाइडमध्ये जे दिसतं तेच काढ, मैत्रिणीच्या वहीतलं नको.