अमेरिकेत लायब्ररीला दिलेली जुनी पुस्तकं विकून टाकतात, हे खरं आहे का?

हो, विकतात, आणि त्यात वाईट वाटून घेण्यासारखं काही नाही. दान आलेल्यातलं फार थोडं कपाटात जातं. नोंद, लेबल, जागा यांचा खर्च फुकटच्या पुस्तकालाही लागतोच. उरलेलं बहुतेक ठिकाणी ‘फ्रेंड्स ऑफ द लायब्ररी’ या मंडळाकडे जातं. गावोगावची ही मंडळं लायब्ररीपासून वेगळी, सहसा करमुक्त धर्मादाय संस्था असतात. खोकी उचलण्यापासून गल्ल्यावर बसण्यापर्यंत बरंचसं काम स्वयंसेवकांचं. त्यात निवृत्त मंडळीच जास्त.

न्यूयॉर्क राज्यातल्या इथाकाची विक्री प्रसिद्ध आहे. वर्षातून दोनदा भरते आणि दिवसागणिक भाव उतरत जातात. अशा विक्रीत पहिल्या दिवशी हातात स्कॅनर घेतलेले पुनर्विक्रेते बारकोडवरून पुस्तकाचा बाजारभाव तपासत फिरतात. मला ते जरा खटकतं, पण गल्ला तेही भरतात! शेवटी शेवटी अनेक ठिकाणी पिशवीभर पुस्तकं एकाच ठरावीक किमतीला मिळतात.

पगार, इमारत हा खर्च मुख्यतः कराच्या पैशातून चालतो. विक्रीचे पैसे मुलांचे वाचन कार्यक्रम, जादा पुस्तकं अशा गोष्टींना जातात.

फक्त बुरशी लागलेली पुस्तकं आणि जुने विश्वकोश देऊ नका. त्यांची विल्हेवाट मंडळालाच लावावी लागते.