पहिली जागा घेताना आणि भाड्याने देताना

इंदूर

चिरंजीवास अनेक उत्तम आशीर्वाद.

सुपर कॉरिडॉर या नव्या रस्त्याच्या बाजूचा भूखंड घ्यावा, की सुदामा नगरातला फ्लॅट घेऊन भाड्याने द्यावा, असे तू विचारले आहेस. किमतीच्या आधी कागद बघ, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे. ज्याच्या दहा जागा आहेत त्याची एक बुडाली तरी बाकीच्या तारून नेतात. तुझी आणि तुझ्या आईची सारी पुंजी मात्र एकाच जागेत अडकणार आहे.

भूखंड ‘डायरी’वर मिळतो आहे हे वाचून मला काळजी वाटली. मंजुरी येण्याआधीच डायरीच्या पानावर भूखंडाचा क्रमांक आणि मिळालेली रक्कम लिहून द्यायची, आणि घेणाऱ्याने त्यालाच पावती मानायचे, असे सौदे आपल्या शहरात बरेच झाले आहेत. २०१६ च्या रेरा, म्हणजे स्थावर मालमत्ता नियमनाच्या, कायद्याप्रमाणे ५०० चौरस मीटरहून मोठ्या प्रकल्पाची नोंदणी होण्यापूर्वी त्याची जाहिरात करता येत नाही की बुकिंगही घेता येत नाही, आणि नोंदणीनंतरही करारनामा नोंदवल्याशिवाय किमतीच्या १० टक्क्यांहून अधिक रक्कम घेता येत नाही. नुसत्या मुखत्यारपत्राने मालकी मिळत नाही, हेही सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये स्पष्ट केले आहे. तेव्हा रेरा नोंदणीचा क्रमांक, नगर तथा ग्राम निवेशाने (नगररचना खात्याने) मंजूर केलेला नकाशा, डायव्हर्शनचा म्हणजे जमीन बिनशेती केल्याचा आदेश आणि खसऱ्यावरचे, म्हणजे जमिनीच्या सरकारी नोंदीतले, नाव, यांतले काहीही ‘येतेच आहे’ असे सांगितले गेले, तर विसार देऊ नकोस.

फ्लॅटचा हिशेब मात्र शांतपणे मांडून बघ. समज, किंमत ४५ लाख आणि भाडे महिना १४,००० रुपये. वर्षाचे १,६८,००० झाले. त्यातून एक महिना जागा रिकामी राहील असे धर, सोसायटीचे महिना १,५०० वजा कर, मालमत्ता कर, रंगकाम व नळदुरुस्तीसाठी वर्षाला १६,००० बाजूला ठेव, म्हणजे हातात १,२०,००० उरतात, आणि ते किमतीच्या तीन टक्क्यांनाही पोचत नाहीत. मुद्रांक शुल्क व नोंदणीचा खर्च यात धरलेलाच नाही. ३० लाखांचे कर्ज साडेआठ टक्क्यांनी वीस वर्षांसाठी काढलेस, तर हप्ता सुमारे २६,००० येईल, म्हणजे त्या १,२०,००० चे महिना १०,००० लावूनही दरमहा १६,००० तुला पगारातून घालावे लागतील. ‘भाड्यातून हप्ता निघेल’ असे दलाल सांगतात. ते इथे खरे ठरत नाही. ही ओढ सोसणार असेल आणि पुढेमागे आईला तिथे राहायचे असेल, तरच घे. प्राप्तिकरात मालमत्ता कर वजा जाता उरलेल्या भाड्याच्या ३० टक्के वजावट मिळते, प्रत्यक्ष खर्च कितीही असो. भाडे बँकेतूनच घेत जा.

जागा बघायला नळाला नर्मदेचे पाणी येण्याच्या दिवशी जा आणि गच्चीवरच्या टाकीपर्यंत पाणी किती वेळात चढते ते उभे राहून बघ. खालच्या मजल्यावरच्यांची परवानगी घेऊन त्यांच्या न्हाणीघराचे छत बघ. तिथे पोपडे सुटले असतील, तर ती दुरुस्ती तुझ्याच गळ्यात पडेल.

किरायानाम्याबद्दल एक गैरसमज सर्वत्र आढळतो. वर्षाहून अधिक मुदतीच्या भाडेपट्ट्याची नोंदणी सक्तीची असल्यामुळे लोक अकरा महिन्यांचा करतात, इथवर ठीक आहे. पण मुदत संपली म्हणजे भाडेकरूला बाहेर काढता येते, असे मुळीच नाही. मध्य प्रदेशात १९६१ चा स्थान नियंत्रण कायदा लागू आहे आणि त्यात सांगितलेल्या कारणांवाचून जागा रिकामी करून मिळत नाही. थकबाकी हे एक कारण आहे, परंतु त्यासाठीही आधी मागणीची नोटीस देऊन दोन महिने वाट पाहावी लागते. विधवा आणि निवृत्त सरकारी नोकर यांना स्वतःच्या खऱ्या गरजेसाठी भाडे नियंत्रण प्राधिकाऱ्याकडे जाण्याचा वेगळा मार्ग याच कायद्यात आहे. तुझी आई सरकारी शाळेतून निवृत्त झाली आहे, म्हणून जागा कोणाच्या नावाने घ्यायची हे वकिलाला विचारूनच ठरव.

भांडण झाले तरी वीज-पाणी तोडू नकोस आणि कुलूपही बदलू नकोस. माणूस म्हणून ते वाईटच, शिवाय जबरदस्तीने काढलेला भाडेकरू सहा महिन्यांच्या आत दावा करून ताबा परत मिळवू शकतो. चावी देताना विजेच्या मीटरचे वाचन, पंखे, गीझर, खिडक्यांच्या काचा, सगळे लिहून दोघांच्या सह्या घे आणि भाडेकरूची माहिती पोलीस ठाण्यात दे. अनामत परत करताना त्या कागदाबाहेरचा एक रुपयाही कापू नकोस.

शिकवणी वर्गांच्या भंवरकुवा भागाजवळची खोली विद्यार्थ्यांना देण्याचा तुझा दुसरा विचार मला नापसंत नाही. फक्त त्यात दोन महिने रिकामे धरून वरचा हिशेब पुन्हा मांड. विसार देण्याआधी फ्लॅटची जुनी रजिस्ट्री, नामांतरणाचा आदेश आणि मालमत्ता कराची शेवटची पावती यांच्या झेरॉक्स माझ्याकडे पाठव. आईस नमस्कार सांग.

तुझा हितचिंतक