अनिसाकिसचा रिपोर्ट पॉझिटिव्ह आला, म्हणून मासे सोडायचे का?

माद्रिदमध्ये व्हिनेगरमधले बोकेरोनेस (न शिजवता मुरवलेले छोटे मासे) खाल्ले, रात्री पोटात कळा आल्या, पहाटे अंगभर पित्त उठलं. आता रक्तात अनिसाकिस या माशांतल्या जंताविरुद्धचं आयजीई (ॲलर्जीत वाढणारं प्रतिपिंड) वाढलेलं निघालंय आणि कोळंबीचंही थोडं पॉझिटिव्ह आहे, असं तुम्ही लिहिलंय. लगेच सगळे मासे बंद करू नका. नुसत्या त्या कागदावर निदान होत नाही. स्पेनमध्ये काहीही त्रास नसलेल्या कितीतरी लोकांचं हे आयजीई पॉझिटिव्ह येतं.

या जंताची अळी दोन-तीन सेंटिमीटरची, पांढरट, घड्याळाच्या स्प्रिंगसारखी वेटोळं करून माशाच्या आतड्यांवर बसलेली असते. मासा मेल्यावर ती कधीकधी मांसातही शिरते. व्हिनेगरने किंवा लिंबाने ती मरत नाही, म्हणून तिथे बोकेरोनेसवर पहिला संशय जातो.

डॉक्टरांना सर्वांत आधी हे सांगा: मासा कच्चा होता की शिजवलेला, आणि त्रास किती तासांनी सुरू झाला. माशाचीच ॲलर्जी असली तर बहुधा काही मिनिटांत ते दोन तासांत त्रास होतो, आणि तळलेल्या माशानेही होतो. अनिसाकिसचा त्रास अनेकदा बऱ्याच तासांनी येतो. आदल्याच आठवड्यात तुम्ही तळलेला मासा आरामात पचवला असेल, तर ते आवर्जून सांगा. नीट थंड न ठेवलेल्या ट्यूना-बांगड्यात हिस्टामाइन साठतं, त्यानेही अंग लाल होतं. पण तो त्रास लवकर होतो आणि बरोबर जेवलेल्यांनाही होऊ शकतो.

आता कोळंबीचं. अळीतलं ट्रोपोमायोसिन हे प्रथिन कोळंबी, झुरळ आणि घरातल्या धुळीतले माइट्स यांच्यातल्या त्याच प्रथिनाशी बरंच जुळतं. त्यामुळे लहानपणापासून धुळीने शिंका येणाऱ्याचा रिपोर्ट अळीशी कधी गाठ न पडताही पॉझिटिव्ह येऊ शकतो. म्हणून ‘अनी एस १’ची वेगळी तपासणी होते का, हे जरूर विचारा. ते या अळीचं स्वतःचं प्रमुख ॲलर्जन आहे. ते पॉझिटिव्ह आलं आणि हकीकतही जुळली, तर संशयाला खरा आधार मिळतो. ‘अनी एस ३’, म्हणजे वरचं ट्रोपोमायोसिन, एकटंच आलं, तर मला तरी ते पुरेसं वाटत नाही. महिनाभराने आयजीई पुन्हा करून घ्या. खरोखर जिवंत अळी पोटात गेली असेल, तर आकडा बहुधा चढलेला दिसतो.

त्वचेवरच्या प्रिक टेस्टआधी अंगावरच्या पित्ताच्या (ॲलर्जीच्या) गोळ्या काही दिवस बंद ठेवाव्या लागतात, नाहीतर गांधी उठतच नाही. कधी बंद करायच्या ते डॉक्टरांना विचारा. आणि पुन्हा असा प्रसंग आलाच, पोटात कळा सुरू असल्या, तर लगेच दुर्बीण घालण्याचा विचार होतो. अळी जठराला चिकटलेली दिसली, तर चिमट्याने तिथेच काढता येते.

निदान पक्कं झालं, तरी नीट गोठवलेला किंवा शिजवलेला मासा बहुतेकांना चालतो. २००६ पासून स्पेनमधल्या हॉटेलांना कच्चा किंवा व्हिनेगरमधला मासा उणे २० अंशांवर किमान २४ तास गोठवणं सक्तीचं आहे. घरच्या फ्रीझरला पाच दिवस द्यावेत. काही थोड्यांना मात्र मेलेल्या अळीच्या उष्णतेला दाद न देणाऱ्या प्रथिनांनीही त्रास होतो, म्हणून पहिला घास ॲलर्जी-तज्ज्ञांच्या देखरेखीखालीच. घसा आवळला, श्वास लागला किंवा चक्कर आली, तर थेट ११२.