डाळिंबाची पहिली गुटी बांधताना

दादा, आपल्या मराठवाड्यात पाऊस नीट लागला की जुलैच्या आसपास गुटी बांधा, म्हणजे फांदी झाडावरच ठेवून तिला मुळं फोडा. उन्हाळ्यात मॉस (कापाभोवती गुंडाळायचं शेवाळ) वाळून जातं. तेल्या (डाळिंबाचा जिवाणूजन्य रोग) असलेल्या झाडाची फांदी मात्र घेऊच नका.

पेन्सिलीएवढ्या जाड फांदीची अडीच सेंटिमीटर साल गोल काढा. आतला बुळबुळीत थर चाकूने पूर्ण खरवडा. नवखे इथंच चुकतात: थर राहिला की साल पुन्हा जुळते, मुळं फुटत नाहीत. कापाच्या वरच्या कडेला पेशी आपलं ठरलेलं काम सोडून पुन्हा विभागू लागतात, गाठ धरते, तिथून मुळं निघतात. म्हणून आयबीए (मुळं फुटायला मदत करणारं संजीवक) त्याच कडेला लावा.

भिजवलेलं मॉस घट्ट पिळून गुंडाळा. पाणी साचलं तर कुजतं. त्यावर प्लास्टिक गुंडाळून दोन्ही टोकांना आवळा. पांढरी मुळं दिसताच फांदी कापू नका, मुळं तपकिरी होऊ द्या.