बैलाला बोलायला लावावे का?

प्रश्न : पत्नीच्या निधनानंतर एकट्या पडलेल्या शेतकऱ्याची आणि त्याच्या म्हाताऱ्या लाल कंधारी बैलाची मैत्री हा माझ्या कादंबरीचा विषय आहे. बैलाचे मन त्याच्याच शब्दांत मांडावे का? (एक वाचक, जि. नांदेड)

उत्तर : माझे मत विचाराल, तर बैलाला बोलायला लावू नका. तो बोलू लागला की नायकाला उत्तर देणारे कोणीतरी मिळते आणि त्याचे एकटेपण तिथेच संपते. बैलाचे मन त्याच्या शरीरातून दिसू द्या. गुरांचे डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंना असल्यामुळे त्यांना बहुतेक सगळीकडचे दिसते, पण थेट पाठीमागचे दिसत नाही. म्हणून जाणता माणूस मागून जवळ जाताना आधी आवाज देतो. पहाटे गोठ्यात दिलेला तो आवाज हाच नायकाच्या तोंडचा दिवसभरातला एकमेव शब्द असेल, तर त्याचे दुःख वेगळे सांगावे लागणार नाही.

पोळ्याच्या आदल्या संध्याकाळची खांदेमळणी मात्र सविस्तर लिहा. हळद-लोण्याने खांदे मळताना ‘आज आवतण घ्या, उद्या जेवायला या’ असे आपल्याकडे म्हणतात. पण पुरणपोळी करणारी घरात उरली नसताना हे आवतण द्यायचे कसे, या विचाराने त्याचा हात बैलाच्या खांद्यावरच थांबतो, असा प्रसंग मला तुमच्या कादंबरीत वाचायला आवडेल.

माळेगावच्या जत्रेत बैल विकायला नेण्याचा प्रसंग घातलाच, तर तो थोडक्यात आटोपा.